नरसय्यांचा खोकला

काल पत्नीने नवी चादर उलगडली आणि कोऱ्या सुताचा वास खोलीभर पसरला. त्या वासाने मला पंचवीस वर्षांपूर्वीची, सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातील योगवर्गाची एक सकाळ आठवली.

वर्ग मी घेत असे. नरसय्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते. रात्रपाळी संपवून ते सायकलने थेट वर्गाला येत. आत येण्यापूर्वी दाराबाहेर थांबून अंगावरचे सुताचे तूस हलक्या हाताने झटकत, मग मागच्या भिंतीशी आपली चादर अंथरत. तरीही तो कोऱ्या सुताचा वास त्यांच्यासोबत आत येई.

त्या दिवशी प्राणायाम सुरू असताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. कुणीतरी म्हणाले, "नरसय्या, तुमचा माग हितंबी चालूच की!" सारे हसले. मीही हसलो आणि मग शिक्षकाच्या सुरात म्हणालो, "इतरांची एकाग्रता मोडते. खोकला बरा झाला की या."

"सर, बरा व्हावा म्हणूनच येतो की मी," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी चादरीची नीट घडी घातली, मला नमस्कार केला आणि निघाले. ते पुन्हा आले नाहीत. मी चौकशीही केली नाही.

आज वाटते, त्या खोलीत योगाची सर्वाधिक गरज त्यांनाच होती. तेव्हा मात्र मी दार लावून घेतले आणि शांतपणे म्हणालो, "प्रत्येकाने आपल्या श्वासाकडे लक्ष द्यावे." आम्ही सर्वांनी अगदी मनापासून आपापल्याच श्वासाकडे लक्ष दिले.