वाद्याला पाय

माझ्या नाकावर राग आहे हे मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. पण नोएडाच्या ऑफिसात ते एका बाईंनी माझा हात हातात घेऊन, ग्रीन टी पाजून, कुजबुजत सांगितलं. कर्मचाऱ्यांच्या मनःशांतीसाठी कंपनीने ठेवलेल्या बाई होत्या त्या. मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला होता, बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, "आपको पटकना अच्छा लगता है, तो कोई ऐसी चीज़ लीजिए जो पटकने के लिए ही बनी हो."

घरी येऊन मी जाहीर केलं की मी ड्रम शिकणार. नवरा म्हणाला, "योगासनं बघ ना आधी." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो लगेच म्हणाला, "नाही, ड्रम बिल्कुल ठीक आहे."

गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये खराखुरा ड्रम वाजवला असता तर सोसायटीने आम्हाला सामानासकट गेटबाहेर काढलं असतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक घेतला. त्याला चामड्याऐवजी रबराच्या थाळ्या असतात. हेडफोन लावला की सगळा गडगडाट माझ्या कानात आणि घरच्यांना नुसती टकटक. फक्त उजव्या पायाखाली एक पेडल असतं, ते दाबलं की छोटी हातोडी पुढच्या थाळीवर बसते. त्याचा मात्र धप्प असा आवाज जमिनीतून जायचाच.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा आमच्याकडे राहायला आले ते त्यांचे हात थरथरायला लागल्यावर. आयुष्यभर दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केली, दिवसा फायली आणि संध्याकाळी तबला. इथल्या मराठी मंडळात त्यांच्याशिवाय भजन उभं राहत नसे. मग एका भजनात बोटं भलतीकडेच पडायला लागली. बाबा मध्येच थांबले, तबला पुसला, गवसणीत घातला आणि उठले. तो तबला आता आमच्या माळ्यावर आहे.

त्यानंतर या माणसाने ठेका म्हणून धरला नाही. पूर्वी जेवणाचं टेबल, स्कूटरचं हँडल, माझी पाठ, काहीही मिळालं की बोटं सुरू व्हायची. आता टीव्हीवर गाणं लागलं की चॅनल बदलायचे आणि हात शालीखाली घालून बसायचे. ते शालीखालचे हात मला बघवत नव्हते. त्यांनी तबला वाजवू नये एक वेळ, पण निदान टेबलावर तरी बोटं आपटावीत, एवढंच मला हवं होतं. पण ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ते गोड हसून आपल्या खोलीत गेले असते.

रविवारी सकाळी ड्रमचे सर यायला लागले. तरुण मुलगा, केस बांधलेले, पायात घोट्यापर्यंतचे बूट. दारात मी म्हटलं, "जूते बाहर." तो म्हणाला, "मॅडम, ड्रमर के जूते नहीं उतरते," आणि त्याने पिशवीतून दुसरा जोड काढला. घरात घालायचा, रस्ता न पाहिलेला. मलाही तसलाच पातळ तळव्यांचा जोड घ्यायला लावला. बुटाशिवाय पेडलवर जोरच येत नाही म्हणे.

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "घरात बूट?"

"बाबा, कोरे आहेत. रस्त्यावर गेलेलेच नाहीत."

"अच्छा. मग माझी खोक्यातली नवी चप्पल देवघरात ठेवू का? तीही गेली नाही कुठे."

ते उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. माझ्या पायात बूट असेपर्यंत ते दार उघडत नसे. म्हणजे ज्यांच्या कानावर चार ठोके पडावेत म्हणून माझा जीव तुटत होता, तेच दाराआड. बूट गेले कपाटात.

मग मोजे घातले. मोज्यांना बाबांची हरकत नव्हती. ते पेपर घेऊन त्याच खोलीत बसायला लागले. पण पेडल असतं गुळगुळीत धातूचं. जरा लय वाढली की माझा पाय सुर्रकन पुढे जायचा आणि ड्रमचा सगळा सांगाडा धडाधड भिंतीवर. एकदा असाच आवाज झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या आंटी वर आल्या. "आप लोग रोज़ क्या कूटते हो?" दार नवऱ्याने उघडलं होतं. घाबरून तो म्हणाला, "मसाला."

आंटी खूश झाल्या. घरी कुटलेला मसाला हल्ली मिळतो कुठे, म्हणाल्या, आणि थोडा मागितला. आता आली का पंचाईत! नवऱ्याने दुकानातून पाकीट आणलं, बरणीत ओतलं आणि खाली नेऊन दिलं. आंटींना तो मसाला इतका आवडला की पुन्हा मागणी आली, आणि वर सूचना, की ज़रा महीन कूटना. माझ्या ड्रमवादनावर आजवर आलेली ही एकमेव सूचना.

शेवटी वैतागून मी मोजे भिरकावले आणि अनवाणी बसले. आणि काय सांगू, मजा आली! पेडल पावलाला कळायला लागलं, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं. मी रंगात आले तेवढ्यात बाबांचा पेपर खाली आला.

"पाय कशाला लावते आहेस?"

"पेडलला."

"आणि पेडल कशाचं?"

"ड्रमचं."

"म्हणजे वाद्याला."

आमच्याकडे वाद्याला पाय लागणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तबल्याच्या गवसणीला चुकून अंगठा लागला तरी हात लावून नमस्कार करायचा, मगच पुढे जायचं. मी म्हटलं, "बुटातही पाय वाद्यालाच लागत होता की!"

"तो बूट लागत होता."

"आणि मोज्यात?"

"मोजा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बूट घातले तर घराचा अपमान, अनवाणी बसले तर सरस्वतीचा, आणि ज्यात कुणाचाच अपमान नाही त्या मोज्यात वाजवता येत नाही! "मग मी काय अधांतरी वाजवू?" मी ओरडले.

बाबा शांतपणे म्हणाले, "तू वाजव. तुझ्या वतीने नमस्कार मी करीन."

आणि केले की हो! खुर्ची पुढे ओढून बसले. माझा पाय पडला की ते खुर्चीच्या हाताला बोटं लावायचे आणि मग छातीला. मी म्हटलं, अहो, पाय ड्रमला लागला आणि नमस्कार खुर्चीला कसा? तर त्यांनी खुर्ची अशी सरकवली की तिचा पाय ड्रमच्या सांगाड्याला टेकला. आता पोचतो, म्हणाले.

मला वेड लागायची पाळी आली. जरा जलद काही घेतलं की बाबा हात वर करायचे. "थांब, मागचे दोन राहिले."

"बाबा, सुरुवातीला एकदाच घाऊक करून टाका ना!"

"घाऊक नमस्कार नसतो."

सरांनी हे पाहिलं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल को कुछ चाहिए क्या?" मी म्हटलं, माफी माँग रहे हैं. किससे? ड्रम से. सरांनी ड्रमकडे एकदा वाकून पाहिलं. मग त्यांनी अनवाणी वाजवण्याचे तोटे सांगायला सुरुवात केली, टाच दुखते, तळवा सोलतो. पण पुढच्या रविवारी शिकवण्याआधी त्यांनीही हळूच ड्रमला हात लावून छातीला लावलेला मी पाहिला.

आणि मग एक दिवस ते झालं. संथ लयीत साधा ठेका चालला होता. मध्येच ऑफिसचा फोन थरथरला, माझं लक्ष उडालं आणि पाय चुकला. पडलाच नाही. पण बाबांचा नमस्कार पडला. जिथे पाय पडायला हवा होता, नेमका तिथे.

मी चमकले. पुढच्या आवर्तनात मुद्दाम पाय उचलून धरला. पुन्हा त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर, तिथेच. म्हणजे हा माणूस माझ्या पायाची वाट बघतच नव्हता. हात थरथरत जात होता, थरथरतच खाली येत होता, पण येत होता अगदी समेवर. आणि चेहरा असा, की जणू काही ते फक्त माझं पाप धूत आहेत.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. नवऱ्याला वाटलं पाय मुरगळला. मी त्याला स्वयंपाकघरात ओढत नेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग सांग ना त्यांना! किती खूश होतील."

"खबरदार! एक शब्द काढलास तर बघ. कळलं की हात परत शालीखाली जातील."

तेव्हापासून मी अनवाणीच. सरांनी हात टेकले. थंडी आली, गाझियाबादच्या फरश्या बर्फासारख्या झाल्या, पायाची बोटं लाल होऊन सुजली, रात्रंदिवस खाजायला लागली. ऑफिसात लंगडताना पाहून त्या मनःशांतीवाल्या बाईंनी काळजीने विचारलं, तर मी म्हटलं, तुमचाच सल्ला. माझे हाल बघून नवऱ्याने कुठून तरी लोकरीचे मोजे आणले, खाली रबराचे ठिपके असलेले. "बघ यार, प्रश्नच मिटला! घसरत नाहीत, बूट नाहीत, वाद्याला पाय लागत नाही." इतका परिपूर्ण तोडगा माझ्या नवऱ्याला जन्मात सुचला नव्हता. तो मोजा त्याच्याच तोंडात कोंबावा असं वाटलं.

पण एका रविवारी पाऊल जमिनीला टेकवेना. बाहेर धुकं, सरांचाही फोन आला की आज येत नाही. मी मुकाट्याने ते ठिपक्यांचे मोजे चढवले आणि बसले. बाबा आले, खुर्ची ओढली, तिचा पाय सांगाड्याला टेकवला, बसले. मी सुरू केलं. धप्प. त्यांचे हात शालीखाली. धप्प. शाल हललीसुद्धा नाही. पेडल कधी नव्हे इतकं छान चाललं होतं आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं.

बाबा खाकरले. "मोजे काढ."

"बाबा, बोटं सुजलीयत माझी."

"बघितली मी. नंतर तेल गरम करून देतो. काढ."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना मोज्यात चालतं म्हणून? नमस्काराची गरजच नाही."

ते खिडकीतल्या धुक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गरज नाही, हे खरं. पण मग मी इथे बसून काय करू?"

मी मोजे काढले, गार पेडलवर पाऊल ठेवलं, डोळे पुसले आणि ठेका धरला. शालीतून हात बाहेर आला. बोटं खुर्चीवर, मग छातीवर. पुन्हा खुर्चीवर. माझ्या पावलातली कळ मस्तकात जात होती, त्यात पाय जरासा रेंगाळला.

बाबांनी हात वर केला. मी हेडफोन काढला.

"नमस्कार वेळेवर झाला होता. पाय तुझा मागे राहिला," ते म्हणाले. "चल, पहिल्यापासून घे."