कापसाच्या खोलीतलं मशीन

बाबा वर्षभर बसूनच झोपत होते. आडवं झालं की छातीत घरघर सुरू व्हायची. आधी भिंतीला उशा लावून झोपायचे, मग दिवाळीनंतर कापूस घरात आला तसे त्या ढिगाला टेकून. वडनेरला आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत समोरच्या खोलीतच भरून ठेवतात. बाबा त्याला टेकले की म्हणायचे, "अशी गादी कलेक्टरलेबी नाई." आईला त्याचं हसू येत नसे. या माणसाने एकदा तरी सरळ पाठ टेकून झोपावं, एवढंच तिचं मागणं होतं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि घरी ऑक्सिजन लावायला सांगितला, मिनिटाला दोन लिटर, झोपेतही आणि दिवसाही बराच वेळ. मी वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेला राहते, म्हणून मशीन बघायचं काम माझ्याकडे आलं. मग नात्यातल्या प्रत्येकाला अक्कल फुटली. मामांनी फोनवर हुकूम सोडला, "दहा लिटरचंच घेजो, ताकदवान पाह्यजे." जसं काही मी विहिरीवर मोटार बसवायला निघाले होते. मी तडकले, पण मामांना काय बोलणार!

दुकानातल्या बाईंनी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सिलिंडर संपतो, भरून आणावा लागतो, गावात त्याची दगदग फार, असं त्या म्हणाल्या. कॉन्सन्ट्रेटर मात्र खोलीतलीच हवा ओढतो, तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढतो आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून देतो. वीज असली की झालं. मला खांद्याला अडकवायचं छोटं मशीन फार आवडलं होतं. पण ते श्वास घेतला की तेवढ्यापुरता झोत सोडतं आणि झोपेतला हलका श्वास त्याला कधीकधी कळतच नाही. डॉक्टरांना फोन केला, तेही नको म्हणाले. दोन लिटरसाठी पाच लिटरचं मशीन पुरे होतं. सोबत वीज गेल्यावर लागेल म्हणून एक छोटा सिलिंडर घेतला. लिटरचा काटा मनाने वाढवायचा नाही आणि जवळ विडी, उदबत्ती, चूल काही नको, हे बाईंनी दोनदा बजावलं.

"खोली कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मोठी आहे, हवेशीर," मी म्हटलं. कापसाचं नावही माझ्या तोंडी आलं नाही. धूळ म्हणजे रस्त्यावरची. घरातला कापूस ही आमच्या लेखी लक्ष्मी, तिला कचरा कोण म्हणेल?

मशीन ढिगाशेजारी बसलं आणि मीही काही दिवस वडनेरलाच राहिले. आईने देवाची उदबत्तीसुद्धा बंद केली. बाबांच्या ओठांवरचा निळसरपणा कमी झाला आणि आम्ही सगळे खूश झालो. आठवडाही झाला नसेल, दुपारी मशीन किंचाळायला लागलं, पिवळा दिवा लागला. बाबांना सिलिंडरवर घेतलं आणि मी बाईंना फोन करून चांगलंच झाडलं, बिघडलेलं मशीन गळ्यात मारलंत म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंद करून मागचा फिल्टर काढा."

फिल्टरवर पांढरा थर बसला होता. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, चिमूटभर तंतू उपटले आणि बाजारात माल पारखतात तसे दोन अंगठ्यांत धरून ओढून पाहिले.

"धागा लांब हाय," ते म्हणाले. "आपलाच माल."

मी डोक्याला हात लावला. फोनवर बाईंनी सगळं ऐकलं होतं. कापसाशेजारी ऑक्सिजन म्हणजे ठिणगीला आमंत्रण, आजच्या आज वेगळं करा, असं त्या म्हणाल्या. पण उरलेली एकच खोली स्वयंपाकाची, तिथे चूल. आणि कापूस विकायला बाबा तयार नव्हते. "भाव नाई अजून," ते म्हणाले. मी चिडून काहीतरी बोलणार, एवढ्यात आईच बोलली, "भावाची वाट पाहाले तुमी तर राह्यले पाह्यजे ना." आई पदर खोचून समोरच्या काकूंकडे गेली.

काकू आल्या त्या गल्लीतल्या बाया आणि जुनी लुगडी घेऊनच. "भाऊजी, कापूस आमच्याकडे ठिवतो. भाव आला की नेजा." लुगड्यांत कापूस बांधून एकेक गाठोडं बाहेर निघालं. बाबा सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, नाकाला नळी लावून बसले होते आणि तिथूनही ओरडत होते, "दाबू नका वं, दाबू नका!" बाया हसत होत्या. प्रत्येकीने आमचा माल आपल्या मालात मिसळू न देता वेगळ्या कोपऱ्यात झाकून ठेवला. त्यांचीही घरं कापसाने भरलेलीच होती. पोरांच्या अंथरुणाची जागा त्यांनी आम्हाला दिली, हे मला नंतर कळलं. त्या बायांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आम्ही खोली ओल्या फडक्याने पुसून काढली. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवला. बाईंची माफी मागून त्यांच्याशी बोलत बोलतच मशीन सुरू केलं. तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. बाबा आत आले आणि रिकाम्या खोलीकडे बघत उभे राहिले. टेकायला काहीच नव्हतं. मग आईने घातलेल्या अंथरुणावर दोन उशा घेऊन बेताबेताने आडवे झाले.

आम्ही सपरीत बायांसाठी चहा गाळत होतो. बराच वेळ आतून खोकला आला नाही. आई कप ठेवून उठली. दारातून तिने पाहिलं, बाबा पाठ टेकून सरळ, अगदी शांत पडले होते. वर्षभरात तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. ती वाकली आणि त्यांच्या नाकाशी हात नेला.

"जित्ता हावो," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "झोपू दे आता."

आई तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बाबा उठू नयेत म्हणून आवाज न करता.