पंखातला हिरवा

संपाच्या काळात अख्खं गिरणगाव मालकांवर नाहीतर सरकारवर चिडलेलं होतं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतला माझा शेजारी तेवढा एका बदकावर चिडला होता. गिरणीच्या रंगखात्यात उभी हयात गेलेला माणूस. काम बंद पडल्यावर सकाळी पाय मोकळे करायला शिवडीच्या खाडीवर जायचा. तिथल्या रानबदकाच्या पंखात उडताना चमकणारा हिरवा पट्टा त्यानं पाहिला आणि घरी येऊन मुलीला शब्द देऊन टाकला, "तुझ्या लग्नाचा शालू ह्याच रंगाचा!" नवा शालू परवडणार नव्हताच. बायकोची मोतिया रंगाची रेशमी साडी तो स्वतः रंगवणार होता.

रंगाच्या बाबतीत हा माणूस मुळातच असह्य. भाजीवालीला "ही मिरची फिकी आहे" म्हणून सुनावायचा. माझ्या नव्यानं रंगवलेल्या दाराला "हा निळा आजारी दिसतो" म्हणाला, मी विचारलेलं नसताना! पण आता कहर झाला. सामाईक मोरीत त्याची पातेली, गॅलरीत नमुन्यांच्या ओल्या चिंध्या, आणि त्यांच्या खालच्या दोरीवर माझे पांढरे सदरे. एकाच्या पाठीवर पोपटी ओघळ उतरले. मी जाब विचारायला गेलो, तर हा सदरा उजेडात धरून म्हणतो, "छे! पिवळा जास्त झाला." माफी नाही, काही नाही.

मुलगी काकुळतीला आली. "बाबा, मला कुठलाही हिरवा चालेल हो."

"कुठलाही? मग कोथिंबीर नेस!"

शेवटी त्यानं खाडीवर सापडलेलं एक पीस उकळलं. पाणी जराही हिरवं झालं नाही. पीस सरळ धरलं की काळपट, तिरकं केलं की पाचूसारखं. "ह्यात रंगच नाही!" तो ओरडला. "मेलं नुसतं उजेडाशी खेळतंय! फसवणूक आहे ही!" मग तिथंच खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे रंगवून व्हायचं नाही. उभा धागा निळा, आडवा हिरवा, असं विणायला हवं. माग चालू हवेत."

सदऱ्याचं भांडण मी तिथंच सोडलं.

लग्नाच्या दिवशी साडी साधी हिरवी होती. निघायच्या आधी त्यानं मुलीला गॅलरीत उन्हात उभं केलं. "जरा वळ बघू." ती वळली. हिरवा होता तसाच राहिला. त्यानं पदर दोन बोटांत धरून पाहिला, तिच्या खांद्यावर नीट ठेवला.

"पक्का बसलाय," तो म्हणाला. "कितीही धू, जायचा नाही."