तेहतीस दातांचं चाक

माझं टायरचं दुकान त्याच्या गॅरेजला लागूनच. मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे त्याचं बोलणं मला पाठ होतं. गिअरबॉक्सचा मिस्त्री होता तो. आम्ही सगळे त्याला त्रैराशिक म्हणायचो, कारण गाडीचा वेग तो काट्यावर कधी बघायचाच नाही. म्हणायचा, काटा सांगतो ते ऐकीव, इंजिन सांगतं ते खरं. इंजिनाचे मिनिटाला फेरे किती, ते घ्या. त्यांना आधी गिअरने भागा, मग मागच्या डिफरन्शियलने, म्हणजे मागच्या आसावरच्या दातेरी चाकांच्या प्रमाणाने. उरले ते चाकाचे फेरे. त्यांना चाकाच्या घेराने गुणा, साठाने गुणा, झाला ताशी वेग. गिऱ्हाईक जांभया द्यायचं, पण हा पिच्छा सोडायचा नाही.

त्याचा धाकटा भाऊ टॅक्सी चालवायचा. वडील लवकर गेलेले, त्यामुळे ह्यानेच त्याला वाढवलं आणि गाडीही ह्यानेच शिकवली. वरच्या गिअरला तीन हजार फेरे म्हणजे ऐंशीच्या जरा पुढे, हे भाऊ झोपेतसुद्धा सांगायचा.

त्या जुन्या टॅक्सीच्या डिफरन्शियलचे दात झिजले, गाडी घुमायला लागली. तसला सुटा भाग कुठे मिळेना. शेवटी भंगारवाल्याकडे मोठ्या इंजिनाच्या गाडीचा सापडला, तो ह्याने दोन दिवस खपून बसवला. भाऊ चक्कर मारून आला आणि म्हणाला, चढाला जरा रडते, पण सपाटीला कशी लोण्यासारखी जाते! त्रैराशिकने हात पुसत माझ्याकडे असं काही बघितलं, की जसं पदकच मिळालं.

तीन महिन्यांनी भर दुपारी त्या टॅक्सीने एका शिक्षिकेला उडवलं. बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होत्या. जागीच गेल्या. त्या रस्त्याला मर्यादा नव्वदची. भाऊ पहिल्यापासून एकच सांगत राहिला, काटा ऐंशीच्या जरा पुढे होता, इंजिन तीन हजारावर होतं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने वेग पकडला होता एकशे तीन.

पोलीस चौकीच्या बाकावर, माझ्यासमोर, त्रैराशिक त्याला म्हणाला, "काट्यावर ढकलू नकोस. गेलेल्या बाईपुढे तरी खरं बोल."

भावाने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. खोटं बोलला म्हणून न्यायाधीशांनी दयामाया दाखवली नाही, असं वकील म्हणाला.

दुसऱ्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या कुठल्यातरी मिस्त्रीने त्याच्या गाडीचं डिफरन्शियल बदललं होतं आणि तेव्हापासून वेगाचा काटा कमी दाखवत होता. त्रैराशिक गाडीखालूनच त्या मिस्त्रीची टिंगल करत होता. म्हणाला, काट्याची तार गिअरबॉक्सातून निघते, मागे काय बसवलंय ते तिला काय कळणार? डिफरन्शियल बदललं की तारेचं छोटं चाकही बदलायचं, एवढंही ज्याला समजत नाही त्याने...

वाक्य तिथेच तुटलं. मला वाटलं, पाना निसटून हाताला लागलं. बघायला गेलो, तर तो गाडीखालून निघून माझ्याच दुकानाकडे येत होता. टेप मागितली. टॅक्सीच्या मापाचा टायर मोजला, घेर एक मीटर नव्वद सेंटीमीटर. मग ट्यूबच्या खोक्यावर खडूने आकडे मांडले. वरचा गिअर एकास एक. डिफरन्शियलच्या जुन्या चाकाला एक्केचाळीस दात, दहा दातांच्या जोडचाकासमोर. तीन हजार फेऱ्यांना वेग त्र्याऐंशी. भंगारातल्या चाकाला दात तेहतीस, तेही दहासमोरच, बसवताना त्याने स्वतः मोजलेले. तेवढ्याच फेऱ्यांना एकशे तीन.

तीनदा पुसून तीनदा मांडलं. मग टायरच्या थप्पीवर बसला.

"तारेचं छोटं चाक त्या दिवशी मिळालं नव्हतं," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बसवू म्हटलं होतं."

तुरुंगात भेटायला मी सोबत गेलो, गाडी मीच चालवली. जाळीपलीकडे भाऊ बसला. ह्याने सगळं एका दमात सांगितलं, दातांच्या आकड्यांसकट. भावाने जाळीला एक बोट लावलं.

"दादा, मी आकडा सांगितला तेव्हा एकदा तरी मोजून बघायचं होतंस," तो म्हणाला. "सगळ्यांना नाही येत मोजता. तुला येतं."

त्यानंतर त्रैराशिक कुठे कुठे गेला नाही? पोलीस अधिकाऱ्याने खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि सांगितलं की टॅक्सी केव्हाच चेपून वितळायला गेली, दाखवणार काय? आणि भावासाठी गुन्हा अंगावर घ्यायला येणारे तुम्ही पहिले नाही. वकिलाने अर्ज लिहिला, तो फेटाळला गेला. शेवटी तो त्या शिक्षिकेच्या नवऱ्याच्या दारात गेला. त्या माणसाने उंबऱ्यातच सगळं ऐकलं. म्हणाला, "म्हणजे आता मी राग कुणावर धरायचा?" आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच.

भाऊ सुटला त्या दिवशी त्रैराशिक फाटकाशी सकाळपासून उभा होता. भावजय आली, बाहेर आलेल्या नवऱ्याला तिने रिक्षात बसवलं आणि एकटीच मागे वळली.

"भावोजी, आम्ही माझ्या माहेरी राहणार आहोत," ती म्हणाली. "पत्ता देऊ नकोस म्हणालेत."

गॅरेज त्याने बंद केलं. आता माझ्याकडे चाकांत हवा भरतो. कुणी वेगाचं काही विचारलं, तर मला माहीत नाही म्हणतो.