टॅम्प्लीजचा नियम

माझा मामा त्रेपन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, शिवणाच्या दुकानात कापड बेतणारा, आणि तोंडात अजून 'टॅम्प्लीज'. लहानपणी खेळताना दम लागला की मूठ ओठांना लावून हा शब्द म्हणायचा. मग कोणी आउट करू शकत नाही. बाकीची माणसं शाळेबरोबर हे सोडून देतात. मामाने सोडलं नाही. कोटाच्या बाहीवरून गिऱ्हाईक अंगावर आलं की हा टॅम्प्लीज घेणार, सावकाश पाणी पिणार आणि "हं, सोडली, बोला" म्हणून उरलेलं निमूट ऐकून घेणार. माझ्या आईशी भांडतानाही तेच. तोवर आईचा राग गार झालेला असायचा.

नियमांना मात्र तो पक्का. ज्याने घेतली त्यानेच सोडायची. तोपर्यंत समोरच्याने हूं की चूं करायचं नाही.

त्याच दुकानात काज-बटण करणाऱ्या एक बाई होत्या. मामाचा जीव त्यांच्यावर जडलाय, हे दुकानातल्या इस्त्रीलासुद्धा ठाऊक होतं. शेवटी एकदा धीर करून त्याने लग्नाचं विचारलं. बाई लाजून लाल झाल्या, त्यांनी मूठ ओठांना लावली आणि म्हणाल्या, "टॅम्प्लीज."

मामा हरखून गेला. अगदी आपल्यातलंच माणूस! मग तो थांबला. सहा वर्षं थांबला, रोज त्यांच्या समोर बसून. परत विचार की, असं मी शंभरदा सांगितलं. नियम म्हणजे नियम, एवढंच त्याचं उत्तर. मला त्याचा संताप यायचा आणि वाईटही वाटायचं, कारण शर्ट बेतताना तो हळूच बाईंच्या हाताकडे बघायचा.

गेल्या महिन्यात बाईंनी काम सोडलं. त्या भावाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेले. बाई पिशवी भरत होत्या. मामा कात्री हातात घेऊन नुसताच उभा. नियम न मोडता जेवढं बोलता येत होतं, तेवढंच तो बोलला.

"तुमची टॅम्प्लीज सोडायची राहिलीये."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"आमच्या गल्लीत समोरच्याने शंभर मोजले की ती आपोआप सुटायची," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही मोजलेच नाहीत."

मामा घाईघाईने एकपासून मोजायला लागला. तेविसाव्या आकड्याला बाईंनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"पुरे," त्या म्हणाल्या. "विचारा आता."