आधी झील, मग ड्रेस

सुरतेत भेस्तानला मंगलाबाईंचं ड्रेसचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. राम, कृष्ण, मावळे, झाशीची राणी, सगळे एकाच दोरीवर गुण्यागोविंदाने लटकलेले. शाळांची संमेलनं किंवा गणपती आले की लोक हे कपडे भाड्याने न्यायचे. मी मराठी शाळेतला मास्तर, त्यामुळे मावळ्यांची गाठोडी वाहणं दरवर्षी माझ्याच नशिबी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा रिक्षा दारात उभी होती. मी म्हटलं, "बाई, लवकर द्या." त्यांनी मला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "मास्तर, आधी झील धरा, मंग ड्रेस ली जा."

झील म्हणजे मुख्य गाणाऱ्यामागे बाकीच्यांनी उचलून धरायची ओळ. बाई गायल्या, "कोनी देखी सीतामाय, कोनी देखी रं?" आणि मी उत्तर द्यायचं, "आम्हीन देखी, आम्हीन देखी, रानमा देखी रं!" कृष्णाचा ड्रेस न्या नाहीतर झाशीच्या राणीचा, झील एकच, सीतेच्या शोधाची. गरजवंताला अक्कल नसते. बाहेर रिक्षावाला हसत होता आणि आत मी रानात सीता पाहिल्याची ग्वाही देत होतो. असा राग आला होता म्हणून सांगू!

या हट्टामागची गोष्ट पुढे कळली. बाईंचा नवरा चिंधा कापडाच्या लूमवर कामाला, पण जीव डफात. खानदेशातून आलेल्या चार-पाच कारागिरांना घेऊन त्याने रामायणाचे खेळ करणारं मंडळ काढलं होतं. राम तोच व्हायचा. खेळ म्हटला की माइक आला, तंबू आला, कामावर खाडा आला. त्यासाठी ही मंडळी दारोदार वर्गणी मागत फिरायची. कोणी द्यायचं, कोणी दारातूनच "माफ करो" म्हणून भिकाऱ्यासारखं वाटेला लावायचं. एकदा मंगलाबाईंनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन खेळाच्या कपड्यांची ट्रंक उघडली. खेळ वर्षातून दोनदा; बाकीचे दिवस राम ट्रंकेत झोपलेला. त्याला त्यांनी कामाला लावलं. कापड मार्केटमधून डाग पडलेल्या साड्यांचे तुकडे आणून नवे ड्रेस शिवले. भाडं येऊ लागलं, त्यात मंडळाचा खर्च भागू लागला आणि वर्गणी कायमची बंद झाली. मला ही बाई तेव्हापासून आवडायला लागली.

पण झिलीचा हट्ट चिंधालासुद्धा पटत नव्हता. तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "गिऱ्हाईक पयी जाई!" गिऱ्हाइकं पळतही होती. एक गुजराती बाई तर माझ्यादेखत कडाडली, "बेन, कपडां आपो ने! गीतनुं शुं काम छे?" मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या, "आपनं दुकान कसासाठे शे? खेयसाठेच ना?" खेय म्हणजे खेळ; त्या बाईला काय कळलं देवाला ठाऊक. पण पोरगं ड्रेससाठी रडत होतं, म्हणून तिनेही झील धरली आणि तणतणत गेली.

चौऱ्याण्णवला प्लेग आला. अर्धं सुरत गाठोडी बांधून गावाकडे पळालं. चिंधाचे झीलकरीही गेले आणि परतले नाहीत. उरला फक्त म्हातारा राघो, त्याचाही आवाज बसलेला. वर्षभर डफ खुंटीवर राहिला. दुकान मात्र जोरात. पुढच्या गणपतीत भेस्तानच्या गणेश मंडळाने खेळ मागितला तेव्हा चिंधा म्हणाला, "हाऊ शेवटला. झील नाही तर खेय कसाना? आते नुसतं दुकानच चालाडू."

मंगलाबाई म्हणाल्या, "खेय बंद, तर दुकानबी बंद." मी मध्ये पडलो. म्हटलं, चांगलं चाललेलं दुकान कशाला बंद करता? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा तसाच ठेवून उठलो.

खेळाला गर्दी चांगली जमली होती. पुढे सतरंजीवर पोरं, मागे त्यांच्या आया. सीता हरवली. राम झालेला चिंधा डफावर थाप मारून पुढे आला.

"कोनी देखी सीतामाय, कोनी देखी रं?"

राघोने तोंड उघडलं, पण नुसती हवाच बाहेर आली. चिंधाने मान खाली घातली. मला वाटलं, आता डफ ठेवणार. त्याने पुन्हा विचारलं, पण त्या आवाजात गाणं उरलंच नव्हतं. एखादा माणूस खरंच काहीतरी हरवल्यासारखं विचारत होता.

सतरंजीवरून एक पोरगी किंचाळली, "आम्हीन देखी!" मागच्या वर्षीची माझ्या शाळेतली झाशीची राणी होती ती; ड्रेससाठी तिनेही दुकानात बसून झील धरली होती. तिच्यामागोमाग मावळे ओरडले, कृष्ण ओरडले. गुजराती बोलणारी, हिंदी बोलणारी, जमेल तसे शब्द वाकवून सगळी पोरं गाऊ लागली. "आम्हीन देखी, आम्हीन देखी, रानमा देखी रं!" मग मागून आयांनी आवाज लावला. ती कडाडणारी गुजराती बाई सगळ्यांत वरच्या पट्टीत होती. मीही गात होतो, आणि माझे डोळे वाहत होते. त्याची लाज कसली?

चिंधा पुढची ओळच विसरला. पडद्याआडून मंगलाबाई ओरडल्या, "गा ना आते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावळे परत करायला गेलो. बाई आत ड्रेस धूत होत्या. दुकानात चिंधा बसला होता आणि समोर एक घाईतला माणूस रामाचा मुकुट मागत होता. चिंधाने बाक पुढे ओढला आणि म्हणाला, "आठे बठा. आधी झील."