शेवटच्या टप्प्याचा वेग

उज्वला मरगळे नेमकं काय काम करते, हे मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवस्तीत कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी म्हणे ती कंप्युटरवर आहे, कुणी म्हणे हवामान खात्यात. तिची आई राजाबाई पाहुण्यांना बेधडक सांगायची, की पोरगी ताऱ्यांचं बघते. मग पाहुणा हमखास आपल्या मुलीची पत्रिका काढायचा आणि उज्वला चहा टाकायला आत पळायची.

ती खरोखरच ताऱ्यांचं बघत होती, फक्त आभाळाकडे न बघता. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती प्रकल्प सहायक होती. सकाळी वस्ती उतरायची, पिरंगुटला बस बदलायची आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या ताऱ्यांच्या पोटात काय शिजतं त्याची गणितं दिवसभर संगणकावर चालवायची. कोणती अणुकेंद्रं एकमेकांवर किती वेळा आदळतात, त्यातली किती खरोखर जुळतात, म्हणजेच त्या अभिक्रियेचा वेग किती, यावर सगळं ठरतं. वेग जरा इकडचा तिकडे धरला, तर ताऱ्यात कार्बन शिल्लक राहतो की बहुतेक सगळ्याचा ऑक्सिजन होऊन जातो, हेच बदलून जातं. नोकरी प्रकल्प संपेपर्यंतचीच. तरीही पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली वस्तीतली ती पहिली, आणि याचा तोरा तिच्यापेक्षा तिच्या बापालाच जास्त होता.

बाप म्हसू. जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस. दिवाळी झाली की ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचं, तिथल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि मिरगाच्या आधी परत वर यायचं, हेच त्याचं वर्ष. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही, तरी जुन्या काविळीने त्याचं लिव्हर पोखरलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने कोकणात जाणं सोडलं आणि धाकटा भाऊ गेणबा कळप घेऊन उतरू लागला. घरी बसून कंटाळलेला म्हसू मग लेकीच्या कामाची चौकशी करू लागला.

तिनेही हौसेने सांगितलं. मोठ्या ताऱ्यात आधी हायड्रोजनचा हेलियम होतो, ते लाखो वर्षं चालतं. मग हेलियमची पाळी. त्याची दोन केंद्रकं जुळली तरी लगेच फुटतात. तेवढ्या क्षणात तिसरं येऊन भिडलं तरच कार्बन होतो. आपल्या हाडामांसात, मेंढराच्या लोकरीत तोच कार्बन असतो. म्हसूने पायावरचं घोंगडं चाचपून पाहिलं आणि हे बी तितलंच का, म्हणून विचारलं. तिथलंच, ती म्हणाली. पुढे कार्बन जळायला लागला की काही शतकांत आटोपतं. ऑक्सिजन काही महिन्यांत. शेवटी सिलिकॉनचं लोखंड व्हायला जेमतेम एक दिवस लागतो. लोखंडातून पुढे ऊब मिळत नाही, आणि तारा आतल्या आत कोसळतो.

"लाखो वर्सं टिकल्यालं, आन् येका दिसात?" म्हसूने विचारलं.

"व्हय आप्पा. जसजसं शेवटाला येतं तसतसं उरकत जातं. आन् भायेरनं बघणाऱ्याला कायबी कळत न्हाई."

म्हसूला हे फार आवडलं. त्याने ते वस्तीतल्या झाडून सगळ्यांना आपल्या पद्धतीने सांगितलं.

मरगळ्यांच्या भावकीत एक रीत आहे. कळपाचा मालक थकला की त्याची खाट अंगणात टाकतात आणि अख्खा कळप तिच्या कडेने नेतात. तो बसल्या जागी प्रत्येक मेंढराच्या पाठीवर भंडारा लावतो, हात फिरवतो, आणि मग आपली काठी पुढच्याच्या हातात देतो. एकही मेंढरू हाताखालून सुटता कामा नये. त्यामुळे टेम्पोत चार-दोन घालून आणली, असं चालत नाही. तोवर काठी म्हाताऱ्याची, आणि मागून चालणारा नुसता चालणारा. म्हसूला पुन्हा घाट उतरायची आशा होती, म्हणून गेणबा दोन वर्षं कळप राखत होता तो हातात साधी फांदी घेऊन.

होळीच्या सुमाराला म्हसू उज्वलाला म्हणाला, की गेणबाला वर बोलवावं, मेंढरं हाताखालून जाऊ दे. ती विचारात पडली. त्या वर्षी कळपात कोकरं फार होती. एवढ्या उन्हात घाट चढायला लावला तर निम्मी वाटेतच मरतील, हे म्हसूलाही कळत होतं. मग तिने तिच्या सवयीप्रमाणे हिशोब मांडला. बापाने आधी घाट सोडला. पुढे बऱ्याच महिन्यांनी मेंढरं कोंडायच्या जाळीपर्यंत, वाघरापर्यंत जाणं सोडलं, आणखी बऱ्याच महिन्यांनी अंगणाबाहेर पडणं. म्हणजे माणूस हळूहळू उतरतोय, आणि त्याच चालीने उतरत राहील. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी काही सांगता येत नाही एवढंच सांगितलं. जे त्यांनी सांगितलं नाही, ते हिने भरून काढलं. गेणबा नेहमीप्रमाणे वर येईपर्यंत आप्पा नक्की असतील, कोकरंही तोवर जरा थोराड होतील.

तिने तसं बापाला सांगितलं.

"तू म्हनतीस तर थांबतो," तो म्हणाला. आणि खरंच, पुन्हा त्याने विषय काढला नाही.

पाडवा होऊन गेला आणि एका सकाळी राजाबाईने तिला हाक मारली. म्हसूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि तो बायकोला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारत होता. पौडहून डॉक्टर आले, त्यांनी पापणी उलटून पाहिली, आणि उज्वलाला बाजूला घेऊन म्हणाले की आता नातेवाइकांना कळवा. काल संध्याकाळी त्याने तिच्याबरोबर चहा घेतला होता. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नव्हतं. ते आपलेच शब्द तिला आठवले.

तिने गेणबाला फोन लावला. त्याच घटकेला त्याने कळप उठवला आणि घाटाला लावला.

इकडे म्हसूचा हात खाटेच्या कडेवरून सारखा पुढे सरकत होता. उचलायचा, टेकायचा, पुढे न्यायचा. पुन्हा उचलायचा. राजाबाईला वाटलं तो पाणी मागतोय, म्हणून तिने दोनदा भांडं ओठाला लावलं. उज्वलाला कळलं होतं तो काय करतोय. ती खाटेपाशी बसली, पण तो हात आपल्या हातात घ्यायचं धाडस तिला झालं नाही. मेंढरं आली, असं खोटं सांगावं की काय हेही मनात आलं. तेही तिच्याने झालं नाही. दिवस कलायच्या आत हात थांबला.

कळप पोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. गेणबाचे पाय फुटले होते. खांद्यावर एक कोकरू होतं, आणि कितीतरी वाटेत टाकावी लागली होती. राजाबाईने तरीही खाट अंगणात काढली. रिकामी तर रिकामी, म्हणाली, जाऊ दे कडेनं. मेंढरं खाटेच्या कडेने गेली. त्यांना तहान लागली होती, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. काठी भिंतीला टेकलेली होती. राजाबाईने ती गेणबापुढे धरली, तर त्याने मान हलवली. ज्याने द्यायची तो गेला, आता ती कशी घ्यायची, म्हणाला. ती पुन्हा भिंतीला लागली.

उज्वलाला वाटत होतं, चुलत्याने आपल्यावर ओरडावं. तो ओरडला नाही. खाली बसून पायातला काटा काढता काढता त्याने फक्त विचारलं, आणि त्यात टोमणाही नव्हता:

"पोरी, तुमच्यासारख्या शिकल्याल्यांना बी ठावं नसतं का, शेवट येवढा झपाट्यानं येतो म्हनून?"

"ठावं हुतं, तात्या," उज्वला म्हणाली. "मीच आप्पाला सांगितलं हुतं."

गेणबाला त्यातलं काही कळलं नाही. तो खांद्यावरचं कोकरू खाली ठेवून मेंढरांना पाणी दाखवायला गेला.